इंग्लिश बुलडॉग: स्वभाव, निगा आणि मुळात घरी आणावा का?

वेदवती (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. आम्ही गेली ९ वर्षे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतो. घरात मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि वर्षातले सहा महिने इथे येऊन राहणाऱ्या माझ्या सासूबाई एवढी माणसे आहेत. मागे लहानशी बाग आहे.

शेजारच्या आजोबांकडे बुलडॉग आहे. मी बागेत उभी असले की तो कुंपणाच्या फटीतून डुलत डुलत आत येतो, माझ्या पावलांवर आपला सगळा भार टाकून बसतो आणि मी हलेपर्यंत उठत नाही. सासूबाईंना आधी कुत्र्यांची धास्ती होती. आता त्या त्याच्यासाठी खिशात गाजराचे तुकडे ठेवतात. मुलांनी साहजिकच तसाच कुत्रा हवा म्हणून हट्ट धरला आहे.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची. उन्हाळ्यात त्याचा श्वास कुंपणापलीकडून ऐकू येतो, बोथट करवतीने ओले लाकूड कापावे तसा. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या पुढे गेला, त्या दिवशी आजोबांनी त्याला सकाळपासून न्हाणीघराच्या फरशीवर निजवले होते आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून दिवसभर त्याच्या अंगावर ओला हात फिरवत बसले होते. ते दृश्य मनातून जात नाही.

ज्यांनी ही जात सांभाळली आहे त्यांनी तिचा स्वभाव कसा असतो, रोजची निगा काय लागते आणि आमच्यासारख्यांनी ती घरी आणावी का, हे कृपया मोकळेपणाने सांगावे.

सह्यकडा

वेदवतीताई, आमच्याकडे पुण्यात ७ वर्षांची बुलडॉग मादी आहे. भीमा तिचे नाव.

आधी स्वभावाविषयी लिहितो, कारण चेहरा पाहून लोकांचा हमखास गैरसमज होतो. ती भुंकते फार कमी. दारावरची घंटा वाजली तर मान वर करते, ओळखीचा आवाज आला की पुन्हा टेकवते. लहान मुलांच्या बाबतीत तिची सहनशक्ती मोठी आहे. माझ्या भाचीने तिच्या पाठीवर डोके ठेवून अख्खी दुपार काढली आहे. तिला एकटेपणा मात्र अजिबात सोसत नाही. घरात माणूस ज्या खोलीत असेल त्या खोलीत, आणि शक्यतो त्या माणसाला टेकून, तिला बसायचे असते. हट्टाचे म्हणाल तर फिरताना एका ठरावीक गुलमोहोरापाशी तिला थांबायचे असते. तिथून ओढून नेऊ म्हटले तर २२ किलोंची ती जमिनीला अशी चिकटते की दोन माणसांना आवरत नाही. आवाज चढवून काही साधत नाही. हाताला खाऊचा वास असला आणि स्वर नरम असला तर ती सगळे ऐकते.

आता निगा. तिच्या नाकावर कातडीची एक जाड वळी आहे. रोज सकाळी फिरून आलो की मी तिचे डोके मांडीवर घेतो, अंगठ्याने ती वळी वर उचलतो आणि कोमट पाण्यात पिळलेला कापूस आतून फिरवतो. आतली कातडी गुलाबी आणि पातळ असते, तिला कधी वारा लागत नाही. डोळ्यांतले पाणी आणि खाण्याचे कण तिथेच साचतात. दोन दिवस दुर्लक्ष झाले तरी आंबलेल्या ताकासारखा वास येऊ लागतो आणि तिसऱ्या दिवशी कातडी लाल होते. पुसण्याहूनही महत्त्वाचे आहे ते नंतर कोरड्या कापसाने टिपून घेणे, कारण ओलावा राहिला तर पुसण्याचा उपयोग होत नाही.

दुसरी जागा आम्हाला पहिले वर्षभर ठाऊकच नव्हती. तिची शेपटी आखूड आणि पिळाची आहे आणि तिच्या मुळाशी एक खळगा आहे. ती सारखी फरशीवर बूड घासत असे, म्हणून जंत झाले असतील असे समजून आम्ही दोनदा औषध दिले. शेवटी डॉक्टरांनी हातमोजा घालून त्या खळग्यातून काळपट पू काढून दाखवला, तेव्हा ती किती दिवस वेदना सोसत होती हे कळले. आता रोज नाकाच्या वळीबरोबर तोही पुसतो.

अश्वत्थ

एक शंका. ब्रिटनमध्ये बुलडॉगवर बंदी आली असे मी वाचले होते. मग हा कुत्रा तिथे पाळता तरी येतो का? आमच्या सोसायटीतही धोकादायक जातींच्या यादीवरून बराच वाद झाला होता.

रानवारा

अश्वत्थ, ती बंदी एक्सएल बुली या वेगळ्या कुत्र्यावर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणे गुन्हा ठरला. भारतातही केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलेल्या पत्रकात २३ जातींची यादी होती. तीत अमेरिकन बुलडॉगचे नाव होते, इंग्लिश बुलडॉगचे नव्हते, आणि ते पत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले. नावातल्या साम्यामुळे हा गोंधळ होतो. वेदवती ज्या कुत्र्याविषयी विचारत आहेत त्याच्यापासून माणसाला असलेल्या धोक्यापेक्षा त्याच्या स्वतःच्याच देहापासून त्याला असलेला धोका कितीतरी मोठा आहे.

पारिजातक

मी पशुवैद्य आहे आणि नागपुरात गेली १४ वर्षे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. रानवारा यांचे शेवटचे वाक्य मला तंतोतंत पटते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बुलडॉगची कवटी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड करण्यात आली, पण तिच्या आतले मांस त्या प्रमाणात लहान झाले नाही. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, मऊ टाळू लांब होऊन घशात लोंबलेली, जीभ जाड आणि बऱ्याच कुत्र्यांमध्ये श्वासनलिकाही देहाच्या मानाने बारीक. प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. वर्षानुवर्षे असा जोर लागला की स्वरयंत्राजवळचे मऊ भाग आत खेचले जाऊन सुजतात आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते.

याचा उन्हाशी थेट संबंध आहे. आपल्यासारखा घाम कुत्र्याला येत नाही. धापा टाकून, तोंडातला आणि घशातला ओलावा उडवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याची हवेची वाटच अरुंद आहे त्याने जोराने धापा टाकल्या की घसा सुजतो, सुजला की हवा कमी पडते आणि हवा कमी पडली की तो आणखी जोराने धापा टाकतो. हे चक्र सुरू झाले की मिनिटांचा प्रश्न असतो. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ आणि रॉयल व्हेटर्नरी कॉलेज यांच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघात होण्याची शक्यता सुमारे १४ पट आढळली होती. वेदवतीताई, हे काम तुमच्याच गावात झालेले आहे.

एक प्रसंग सांगते. मे महिन्यात रात्री ११ वाजता एक बुलडॉग माझ्याकडे आणला गेला. मालक अतिशय काळजी घेणारे होते. दिवसा त्याला बाहेर काढतच नसत. त्या दिवशी जेवण उरकून साडेनऊला फिरायला नेले, तेव्हा डांबरी रस्ता अजून तापलेलाच होता आणि हवा पडलेली होती. घरापासून चारशे पावलांवर तो बसला. जिभेचा रंग जांभळट झाला होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचे तापमान ४२ अंशांच्या पुढे गेले होते आणि आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. म्हणून प्रत्येक मालकाला मी सांगते, की आधी थंड करा आणि मग दवाखान्यात आणा. नळाचे पाणी अंगावर भरपूर ओता आणि पंख्याचा वारा द्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

घोरण्याविषयीही लिहायला हवे. लोक कौतुकाने त्याचे व्हिडिओ काढतात. बुलडॉगला झोपेत श्वास अडकण्याचा विकार इतका स्वाभाविकपणे होतो की माणसाच्या त्या विकाराच्या संशोधनातही या जातीचा उपयोग झाला आहे. कुत्रा बसल्या बसल्या झोपत असेल, हनुवटी सोफ्याच्या कडेवर उंच टेकवून झोपत असेल किंवा तोंडात चेंडू धरून झोपत असेल, तर तो गोड दिसतो म्हणून सोडून देऊ नका. तो तोंड उघडे ठेवून हवा मिळवण्याची धडपड करत असतो.

सह्यकडा

पारिजातक, तोंडात चेंडू धरून झोपणे हे वाचून मी थबकलो. भीमा गेले वर्षभर अगदी तसेच झोपते. तिला चेंडू इतका प्रिय आहे असे आम्ही समजत होतो. उद्याच दवाखान्यात नेतो.

जुनी_पाने

या धाग्यात इतिहास थोडा आला तर मूळ प्रश्नाला मदतच होईल, कारण आजचा बुलडॉग आणि ज्याच्या नावावर त्याची कीर्ती चालते तो जुना बुलडॉग यांत बराच फरक आहे.

इंग्लंडमध्ये दावणीला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालत असे. कुत्र्याने बैलाचे नाक धरायचे आणि सोडायचे नाही. त्यासाठी रुंद जबडा, पुढे आलेला खालचा दात, ठेंगणी पण चपळ बांधणी आणि वेदनेला न जुमानणारी चिकाटी यांची निवड झाली. १८३५ च्या प्राणी-क्रूरता कायद्याने हा खेळ बंद झाला आणि कुत्र्याचे काम संपले. तो नामशेष झाला नाही याचे कारण काही लोकांनी त्याला प्रदर्शनांत आणले. कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारी ब्रिटनमधली संस्था केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाली, बुलडॉग क्लब १८७५ साली. ज्या कुत्र्याला पूर्वी काम करून दाखवावे लागे त्याला आता फक्त दिसावे लागू लागले. १८१७ च्या सुमाराला छापलेले क्रिब आणि रोझा या बुलडॉगच्या जोडीचे चित्र पाहिले तर पाय लांब, छाती आटोपशीर आणि तोंड स्पष्टपणे पुढे आलेले दिसते. तो कुत्रा धावू शकत होता, उडी मारू शकत होता. डोके मोठे, तोंड चपटे आणि छाती रुंद करत नेणे हे त्यानंतरच्या माणसांच्या आवडीचे काम आहे.

बैलाचे नाक धरूनही श्वास घेता यावा म्हणून नाक मागे सरकले आणि रक्त ओघळून जावे म्हणून चेहऱ्यावर वळ्या आल्या, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्या जुन्या चित्रात चेहऱ्यावर अशा वळ्या दिसत नाहीत. खेळ बंद झाल्यानंतर वाढवलेल्या गोष्टीला खेळाचे कारण जोडलेले आहे, असे माझे मत आहे.

वेदवती, तुमच्या गावाचा या कुळाशी आणखी एक संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर छोट्या चणीचे बुलडॉग पाळत. यंत्रे आली तेव्हा त्यांतले बरेच जण फ्रान्सला गेले आणि कुत्रेही बरोबर नेले. पुढे फ्रेंच बुलडॉग झाला तो त्यांच्यापासून.

मृगजळ

मला इथे स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. वेदवती, कृपया घेऊ नका.

रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात बुलडॉगला वर्षभरात किमान एक आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या दुप्पट आढळली. वळ्यांमधल्या कातडीचा दाह ३८ पट, चेरी आय म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली ग्रंथी बाहेर येणे २६ पट, श्वासाचा विकार १९ पट. त्या अभ्यासातल्या बुलडॉगपैकी ८ वर्षांहून मोठे जेमतेम १० टक्के होते, इतर कुत्र्यांमध्ये हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या सर्व कुत्र्यांचे सरासरी अपेक्षित आयुष्य ११.२ वर्षे निघाले आणि इंग्लिश बुलडॉगचे ७.४ वर्षे.

जन्माचीही तीच कथा आहे. पिल्लाचे डोके आणि खांदे रुंद, आईची कंबर अरुंद. ब्रिटनमधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉगची ८६ टक्के वेते सिझेरियनने झाली होती. जी जात स्वतःच्या बळावर जन्मालाही येऊ शकत नाही तिला आपण आवड म्हणून विकत घेत राहिलो, तर ती तशीच जन्माला घातली जात राहील. सह्यकडा, तुमच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण तुम्ही वर्णन केलेला तो खळगा, तो पू, ती वळी ही सगळी माणसाने तिच्या अंगावर लादलेली आहेत.

सह्यकडा

मृगजळ, तुमचे लिहिणे लागले, पण ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. उलट माझी चूक इथे सांगतो, म्हणजे वेदवतीताईंच्या उपयोगी पडेल.

भीमाला आम्ही एका मध्यस्थामार्फत घेतले. आई कुठे आहे असे विचारले तेव्हा ती गावाकडे असते असे उत्तर मिळाले आणि आम्ही ते मान्य केले, कारण दोन महिन्यांचे ते पिल्लू तोवर माझ्या पत्नीच्या पदरात झोपी गेले होते. चौथ्या महिन्यात तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चेरीसारखा लाल गोळा आला, सातव्या महिन्यात उजव्या. एका ठिकाणी ती ग्रंथी कापून टाकू असे सांगण्यात आले. सुदैवाने दुसऱ्या डॉक्टरांनी ती कापली तर पुढे डोळा कायमचा कोरडा पडू शकतो हे समजावले आणि ग्रंथी आत बसवून टाके घातले. त्या दोन्ही वेळी तिला भूल देताना तिचा श्वास परत नीट येईपर्यंत बाहेरच्या बाकावर जे तास काढले ते आम्ही विसरलेलो नाही.

मी आज पुन्हा पिल्लू विकत घेणार नाही. पण जी जन्माला आली आहे ती आमची आहे, आणि तिच्या प्रत्येक श्वासाची जबाबदारी आम्ही मनापासून घेतली आहे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीहून लिहितो. इथे काही लोकांनी जुन्या बांधणीचा बुलडॉग पुन्हा घडवण्याचे प्रयत्न केले. पेनसिल्व्हेनियात डेव्हिड लेव्हिट यांनी १९७१ साली इंग्लिश बुलडॉगमध्ये बुलमास्टिफ, अमेरिकन बुलडॉग आणि पिटबुल टेरियर मिसळून ‘ओल्ड इंग्लिश बुलडॉग’ ही जात सुरू केली. माझ्या मित्राकडे ती आहे. पाय लांब आहेत, तोंड थोडे पुढे आहे, तो सायकलीबरोबर बराच वेळ धावतो. पण नावावर विसंबून राहू नका. त्या नावाने विकली जाणारी काही पिल्ले मी अशी पाहिली आहेत की जिन्याच्या पाच पायऱ्यांवर त्यांना धाप लागते. ती पुष्कळ ताकदवान आणि चळवळी असतात, त्यामुळे सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई घरात असताना वेदवतींनी त्याचाही विचार करावा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे विमानप्रवास. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० साली जाहीर केलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत विमानाच्या मालकक्षात, म्हणजे सामान ठेवण्याच्या भागात, १२२ कुत्रे दगावले होते आणि त्यांतले २५ इंग्लिश बुलडॉग होते. त्यामुळे अनेक विमान कंपन्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मालकक्षातून नेतच नाहीत. उद्या तुम्ही कायमचे भारतात परतायचे ठरवले तर त्याला आणणार कसे, याचे उत्तर आज शोधून ठेवा.

अश्वत्थ

हे कधी डोक्यातच आले नव्हते. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाला बदलीच्या वेळी बंगळुरूहून पुण्यापर्यंत रात्रभर वातानुकूलित गाडीने बुलडॉग आणावा लागला होता, त्याचे कारण आता समजले.

कृष्णाकाठ

पाण्याविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बुलडॉगला पोहता येत नाही असेच धरून चाला. डोके जड, छाती जड, पाय आखूड आणि मागचा भाग हलका, त्यामुळे तोंड पाण्याबाहेर ठेवता येत नाही. आमच्या मळ्यातल्या शेततळ्यात पाहुण्यांचा बुलडॉग उतरला तेव्हा काठावर आम्ही चौघे उभे होतो. तो ओरडला नाही, त्याने हातपाय आपटले नाहीत, तो सरळ खाली गेला. चुलतभावाने कपड्यांनिशी उडी टाकली म्हणून तो वाचला. बागेत छोटे तळे असेल तर आधी त्यावर जाळी बसवा.

वेदवती

सर्वांचे मनापासून आभार. मृगजळ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला आणि मुलालाही वाचून दाखवला. मुलाने एवढेच विचारले, की मग शेजारच्या आजोबांचा कुत्रा दुखत असताना आमच्याशी खेळतो का? त्याला काय सांगावे हे मला सुचले नाही.

आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही. घ्यायचेच ठरले तर काय तपासावे? इथे श्वासाची श्रेणी ठरवण्याची काही चाचणी आहे असे आजोबा म्हणाले.

टेम्सकाठ

वेदवती, मी लंडनजवळ राहते आणि काही वर्षे कुत्र्यांच्या आश्रयगृहात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मध्यस्थामार्फत विकता येत नाही. ज्याने ते जन्माला घातले त्याच्याकडूनच, आईसोबत पाहून घ्यायचे. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून यावे. आठ आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवलेली असणे २०१६ पासून बंधनकारक आहे. आणि ज्या मादीची आधी दोन सिझेरियन झाली आहेत तिच्या पुढच्या वेताची नोंदणी केनेल क्लब २०१२ पासून करत नाही, त्यामुळे नोंदणी का नाही याचे कारणही विचारावे.

मात्र माझी खरी विनंती वेगळी आहे. आश्रयगृहांत मोठे बुलडॉग बरेच येतात. वैद्यकीय खर्च झेपत नाही, घर बदलते, मूल होते अशी कारणे असतात. मोठा कुत्रा घेतला तर त्याचा श्वास, त्याची कातडी, त्याचा स्वभाव हे सगळे आधीच समोर दिसते. शिवाय नवे वेत काढणाऱ्याच्या हाती पैसा जात नाही, म्हणजे मृगजळ यांचा आक्षेपही बऱ्याच अंशी दूर होतो.

पारिजातक

वेदवतीताई, श्वासाची ती चाचणी केंब्रिज विद्यापीठ आणि केनेल क्लब यांनी २०१९ साली सुरू केली. प्रशिक्षित पशुवैद्य आधी स्टेथोस्कोपने श्वास ऐकतात, मग कुत्र्याला ३ मिनिटे दुडक्या चालीने पळवतात आणि लगेच पुन्हा ऐकतात. शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. तीन श्रेणीच्या कुत्र्यापासून वेत घेऊ नये असा सल्ला आहे. वय एक वर्ष पूर्ण झाल्यावर चाचणी करायची आणि दर दोन वर्षांनी पुन्हा, कारण वय आणि वजन वाढले की श्रेणी बदलते.

चाचणीचा कागद नसला तरी तुमचे कान आहेतच. आईला बागेत थोडे चालायला लावा आणि ती थांबल्यावर तिच्याजवळ बसून ऐका. शांत बसलेल्या कुत्र्याचा श्वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असेल तर तो निरोगी श्वास नाही, मग मालक ‘बुलडॉग असाच असतो’ असे कितीही म्हणोत. नाकपुड्या श्वास घेताना आत दबतात का ते पाहा. या जातीत लघवीत युरिक आम्लाचे खडे होण्याचा आनुवंशिक दोषही आढळतो, त्याची रक्ताची किंवा लाळेची चाचणी मिळते.

वजनाला मी सगळ्यांत वरचे स्थान देते. ब्रिटनच्या मानकात, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, नराचे वजन २५ किलो आणि मादीचे २३ किलो आहे. त्यावर चढलेले प्रत्येक किलो त्याच्या घशावर बसते. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. आणि गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, छातीवरून जाणारा हार्नेस वापरा.

मृगजळ

टेम्सकाठ यांच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. आश्रयगृहातला कुत्रा घेण्याला माझा विरोध नाही.

मानकाचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. बीबीसीच्या २००८ च्या माहितीपटानंतर गदारोळ झाला आणि २००९ साली केनेल क्लबने बुलडॉगच्या मानकातली अतिशयोक्त वर्णने सौम्य केली. नॉर्वेत २०२२ च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयाने या जातीचे प्रजनन बेकायदा ठरवले, पुढे त्याच वर्षी अपिलात बुलडॉगपुरता तो निर्णय बदलला. जातीचे आरोग्य हा आता कायद्याचाही विषय झाला आहे, ही माझ्या दृष्टीने आशेची गोष्ट आहे.

जुनी_पाने

२०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी या जातीतली जनुकीय विविधता तपासली, तेव्हा ती इतकी कमी आढळली की केवळ आतल्या आत निवड करून जात सुधारणे कठीण आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे बाहेरचे रक्त मिसळू द्यायचे की नाही, या प्रश्नावर बुलडॉग क्लबांना कधी ना कधी उत्तर द्यावेच लागेल. माझे स्वतःचे मत मिसळावे असे आहे. १८१७ च्या चित्रातल्या कुत्र्याकडे परत जाणे ही परंपरेशी प्रतारणा होत नाही, परंपरेचा तो जास्त जुना भाग आहे.

सह्यकडा

भीमाची बातमी देतो. तपासणीत तिची मऊ टाळू लांब आणि नाकपुड्या अरुंद असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया करून दोन्ही थोडे मोकळे केले. भूल उतरल्यावरही घशातली नळी लगेच काढली नाही, ती स्वतः मान उचलून नळी चावू लागेपर्यंत डॉक्टर तिच्याजवळ बसून होते. आज बारावा दिवस आहे. काल रात्री ती कुशीवर झोपली, तोंड मिटून. चेंडू टोपलीत होता. मी आणि पत्नी बराच वेळ दिवा न लावता तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलो आणि तो जवळजवळ येतच नव्हता. पारिजातक, तुमचे ऋण मानतो.

पारिजातक

सह्यकडा, फार बरे वाटले. दोन आठवडे अन्न मऊ ठेवा आणि तिला उत्तेजित होऊ देऊ नका. तो प्रिय गुलमोहोर तूर्तास थांबू शकतो.

वेदवती

तीन महिन्यांनी लिहिते आहे.

आम्ही एका ठिकाणी पिल्ले पाहायला गेलो होतो. पिल्ले लोभसवाणी होती. मी पारिजातक यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या आईजवळ जमिनीवर बसले. ती स्वयंपाकघरातून आमच्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरा पावले, चालत आली होती. तिचा श्वास पूर्ववत व्हायला मी घड्याळात मोजलेली सहा मिनिटे लागली. मुलगा माझ्याकडे पाहत होता. आम्ही आभार मानून निघालो आणि गाडीत कुणी काही बोलले नाही.

नंतर टेम्सकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे आश्रयगृहात नाव नोंदवले. गेल्या महिन्यात ५ वर्षांची एक मादी आमच्या घरी आली. तिची श्वासाची श्रेणी एक आहे, आली तेव्हा वजन २७ किलो होते, आता २५ आहे. सासूबाई तिला ‘ठमा’ म्हणतात. नाकाची वळी पुसण्याचे काम मुलाकडे आहे, तो शाळेत जाण्यापूर्वी न चुकता करतो. शेजारचे आजोबा आता संध्याकाळी त्यांच्या कुत्र्याला घेऊन येतात आणि दोघे गवतावर एकमेकांना टेकून बसतात.

एक शंका आहे. तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये वाटाण्याएवढी लालसर गाठ आली आहे आणि ती ती जागा सारखी चाटते. दवाखान्याची वेळ परवाची मिळाली आहे. तोवर काय करावे?

पारिजातक

या जातीत बोटांमधल्या अशा गाठी नेहमी दिसतात. फोडू नका, दाबून पाहू नका आणि माणसांचे कोणतेही मलम लावू नका. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून दिवसातून दोनदा पाच मिनिटे पाय बुडवून ठेवा आणि नंतर बोटांच्या बेचक्या कापसाने पूर्ण कोरड्या करा. चाटू नये म्हणून स्वच्छ सुती मोजा घाला, पण रात्री काढून ठेवा. परवा डॉक्टरांना चारही पाय दाखवा, कारण गाठ एकाच पायाला दिसली तरी इतरांतही सुरुवात झालेली असू शकते.